त्याच विमानाने परत

"उकळतं पाणी चहावर कधी ओतायचं नाही, तेरू. आधी नुसतं पेल्यात ओत. पेला दोन्ही हातांत धरवला की मग ते पाणी चहावर. घाई केलीस तर पान कडू होतं."

किनुकोताईने हे सांगितलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती सोळा. आमचं माहेर शिझुओकाच्या डोंगरातलं, चहाच्या मळ्यांतलं. आई लवकर गेली, त्यामुळे मला ताईनेच वाढवलं. पुढे तिने दूर दक्षिणेच्या बेटावरचा, ओकिनावातल्या नाहा शहरातला नवरा केला. बोटीत चढताना ती म्हणाली, "माझ्या घरी येशील तेव्हा तू ओतायचास. मी पाय पसरून बसणार आणि पिणार." मी म्हटलं, येईन.

त्यानंतर मी नाहाला एकदाच गेले, तेही तिच्या यजमानांच्या अंत्यविधीला. विमानात कान इतके दुखले की उतरल्यावर भिक्षूंचे मंत्रसुद्धा ऐकू आले नाहीत. त्या दोन दिवसांत मला चहा ओतायला कुणी सवड दिली नाही.

दोन वर्षं नऊ महिन्यांपूर्वी ताईला तिच्या मुलाने वृद्धाश्रमात ठेवलं. तिला विसर पडू लागला होता. काही मागायचं असेल तर आपल्या आवडीची एक वस्तू सोडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मी कान्नोनदेवीपुढे उभी राहिले आणि चहा सोडला. ताईला माझ्या हाताने चहा ओतून देईन तेव्हाच पिईन. तेव्हापासून मी कोमट पाणी पिते. सकाळी देव्हाऱ्यातल्या थोरांना, घरातल्या गेलेल्या माणसांना, मात्र रोज चहा दाखवते. वाफ नाकाला लागते, तेवढं तोंड बाजूला करते.

त्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, म्हणून जाता आलं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत त्या गेल्या. मग वर्षश्राद्ध होईपर्यंत घर सोडवेना. ते उरकलं आणि मी आमच्या ह्यांना, कुनिहिरोंना, विचारलं, "आता नाहाला जाऊन येऊ का?"

ते म्हणाले, "मी नेतो तुला. नीट नेतो. फक्त जरा थांब, माझं एक काम पुरं होऊ दे."

दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांच्या सुबक अक्षरात एक शब्द उमटला. तपश्चर्या. फेब्रुवारीत एका मंगळवारी, मार्चमध्ये दोनदा, एप्रिलमध्ये दोनदा. मी कॅलेंडरपुढे हात जोडून उभी राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने स्वतःहून उदबत्ती लावली नव्हती. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून नुसते खिडकीशी बसून असत. आईच्या जाण्याने आत काहीतरी हललं असणार, असं मला वाटलं. कुठल्या मठात बसता, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या व्रताची चौकशी करू नये.

तपश्चर्येच्या दिवशी ते पहाटे पावणेपाचला निघत. मी त्याआधी उठून मठातल्यासारखा डबा करायची. तिळाचं तोफू, कमळकाकडी, शिजवलेला भोपळा. मासळीचा अंशही नाही. दुपारी तीनच्या सुमारास ते परत येत. चेहऱ्यावर खरोखर समाधान असे. पोट मात्र महिन्यागणिक सुटत चाललं होतं. तपश्चर्येने माणूस वाळतो असं ऐकलं होतं, पण प्रत्येकाची प्रकृती वेगळी.

आमच्या सूत्रलेखनाच्या मंडळात मी हे सगळ्यांना सांगितलं. आम्ही आठ-दहा बायका दर गुरुवारी मंदिरात जमतो आणि कुंचल्याने बुद्धाचं सूत्र उतरवतो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. एक मिनाकावाबाई तेवढी म्हणाली, "माझा नवरा निवृत्त झाल्यापासून गोल्फ खेळतो. तुझं नशीब बघ."

ताईला मी दर रविवारी फोन करायची. आश्रमातली ताइरा नावाची मुलगी तिच्या कानाशी फोन धरायची. मेपासून ताई एकच गोष्ट बोलू लागली.

"तेरू, आसन मांडून ठेवलंय."

"हो हो, ताई."

"खिडकीशी मांडलंय. तुला समुद्र आवडतो ना."

"हो हो. छान केलंस."

लहान मुलाला म्हणावं तसं मी म्हणायची. उन्हाळ्यात तिथल्या डॉक्टरांनी कळवलं होतं, नव्या वर्षापर्यंत त्या तुमचा आवाज ओळखतीलच असं नाही. मी फोन ठेवून देव्हाऱ्यापुढे बसायची आणि मनात हिशेब करायची, ह्यांची तपश्चर्या कधी संपणार? विचारायला जीभ रेटत नसे. कुणाचं व्रत मध्येच मोडायला लावणं हे पाप. सूत्राची आणखी एक प्रत उतरवायची आणि गप्प बसायचं, एवढंच मी केलं.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी कॅलेंडरवर तोच शब्द होता. हे पहाटेच निघून गेले होते. तपश्चर्येसाठी म्हणून मी त्यांना फेब्रुवारीत सूत्राचं एक लहान पुस्तक दिलं होतं, कापडी बांधणीचं. त्यातली खुणेची दोरी झिजली असेल म्हणून मी नवी रेशमी विणली होती. पुस्तक त्यांच्या मेजावर होतं. उघडलं तर पानं कोरी करकरीत. बोटसुद्धा लागलं नव्हतं. आणि मधल्या पानांतून कागदाचे लांबट तुकडे माझ्या मांडीवर पडले. एक, दोन, मग सगळे.

विमानात चढताना देतात त्या चिठ्ठ्या होत्या. हानेदा, म्हणजे आमच्याकडचा विमानतळ, ते नाहा. नाहा ते हानेदा. त्यावर आमच्या ह्यांचं नाव.

मी त्या चटईवर तारखेप्रमाणे मांडल्या. बावीस चिठ्ठ्या, अकरा तारखा. प्रत्येक तारीख कॅलेंडरवर तपश्चर्येची. सकाळी नाहा, दुपारी परत. पहिला विचार काय आला ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, तिथे दुसरी बाई आहे. पण कुठल्या बाईकडे माणूस चाळीस मिनिटांसाठी जातो? कारण उतरल्याची वेळ आणि पुन्हा उडाल्याची वेळ यांत तेवढंच अंतर होतं. मी तीनदा मोजलं.

दार वाजलं. मला मंदिरात न्यायला मिनाकावाबाई आली होती. ती नेहमीप्रमाणे हाक मारत आतच आली.

"अगं बाई! पत्त्यांचा डाव मांडलायस की काय?" तिने एक चिठ्ठी उचलली आणि चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून धरली. मग दुसरी उचलली. मग तिने तोंडावर हात ठेवला. "तेरुयो, तुझा नवरा तर पक्का तपस्वी निघाला!"

"आहेतच," मी म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं होतं की."

"तसला नाही गं! विमानातला!"

मला काही कळेना. ती खाली बसली. हसू आवरत तिने सांगितलं की तिचा बँकेतला भाचाही हेच करतो. विमान कंपनीचं कायमचं मानकरी व्हायचं असेल तर एका वर्षात ठरावीक पॉइंट जमवावे लागतात. एकतीस डिसेंबरला पाटी पुन्हा कोरी. म्हणून ही माणसं कामाशिवाय उडतात. सगळ्यांत लांबचं देशातलं ठिकाण धरतात, जातात आणि त्याच विमानाने परत येतात.

"आणि ह्याला ती लेकाची काय म्हणतात? तपश्चर्या! पॉइंट पुरे झाले की काय म्हणतात सांगू?" ती माझ्याकडे वाकली. "मोक्ष!"

मी दचकून देव्हाऱ्याकडे पाहिलं. दार उघडंच होतं. सासूबाईंचा फोटो ऐकत होता.

"मोक्ष मिळाल्यावर काय मिळतं?" मी विचारलं.

"विमानतळावर वेगळी खोली. तिथे फुकट बिअर. रांगेत पुढे नंबर. सामान सगळ्यांच्या आधी."

"रांगेत पुढे," मी म्हणाले.

"अगं, तू डबा करायचीस ना? कमळकाकडी आणि काय काय?" आणि ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग माझा चेहरा बघून थांबली. "तेरुयो? ए तेरुयो. माझं ऐक, बाईपेक्षा बरं ना?"

ती एकटीच मंदिरात गेली. मी तिथेच बसून राहिले. बारा वेळा अंधारात उठून तीळ वाटले, ते आठवत होतं. पण त्या चिठ्ठ्यांवर एक शब्द होता आणि तो मला पुन्हा पुन्हा दिसत होता. नाहा. नाहा. नाहा. बावीस वेळा.

तीनला हे आले. बूट काढताना गुणगुणत होते.

"कशी झाली?" मी विचारलं.

"छान. मन अगदी शांत झालं बघ."

मग त्यांना चिठ्ठ्या दिसल्या. ताट काढून मी त्या त्यात रचून ठेवल्या होत्या, पाहुण्यापुढे ठेवतात तशा. ते उभेच राहिले. थोड्या वेळाने त्यांनी कोटाच्या खिशातून आजच्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि गुमान ताटात ठेवल्या.

"तपश्चर्या," मी म्हणाले.

"अगं, तसं म्हणतातच त्याला. मी खोटं नाही बोललो."

"नाही. तुम्ही खोटं नाही बोललात."

मी आवाज चढवत नाही. त्यामुळे त्यांना वाटलं असावं की निभावलं. ते खाली बसले आणि सांगू लागले, आणि सांगता सांगता चेहरा खुलला. कारखान्यात नवं यंत्र आलं की असेच बोलायचे. कुठल्या सीटला किती पॉइंट, कुठल्या महिन्यात कंपनी दुप्पट देते. उतरून पुलावरून बाहेर यायचं, वळायचं, पुन्हा आत. तेच विमान. कधीकधी तीच सीट. हवाईसुंदरी हळूच म्हणते, पुन्हा स्वागत आहे. एकदा तर तेच करणारे चौघे ओळीने बसले होते, सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. आता एकच फेरी राहिली, येत्या मंगळवारी. मग कायमचं. शिवाय उडल्याबद्दल कंपनी देते ते मैल वेगळे जमलेत. ते नीट वापरले तर युरोपची पुढच्या वर्गाची दोन तिकिटं फुकट.

"साधी माणसं हे मैल देशातल्या देशात उडवतात," ते म्हणाले. "शुद्ध नासाडी. थांबायला शिकलं की त्याच मैलाचं मोल चौपट होतं."

"माझा डबा?"

"नाहाच्या बाकावर बसून खायचो. प्रत्येक वेळी. विमानात जेवण देतात, तरी खायचो."

म्हणजे पोटाचं कारण ते.

"हे सगळं कशासाठी?"

ते जरा घुटमळले. "तुझे कान दुखतात ना. गर्दीत तू घाबरतेस. मला तुला नीट न्यायचं होतं, ताईकडे. शांत खोलीत बसवून, सगळ्यांच्या आधी आत नेऊन. आयुष्यात कधी तुला पुढच्या सीटवर बसवलं नाही."

मला रागसुद्धा धरता येईना. रागाला हात टेकायला काहीतरी लागतं. मी ताटाकडे बघत विचारलं, "विमानतळापासून ताईचा आश्रम किती लांब असेल हो?"

"मोनोरेलने सात स्टेशनं. मग उतारावरून पाच मिनिटं."

हे त्यांनी इतकं पटकन सांगितलं, की सांगून झाल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं.

मी मान वर केली. चाळीस वर्षांत ह्यांचे कान लाल झालेले मी पाहिले नव्हते.

"तुम्हाला कसं माहीत?"

बाहेर तोफूवाल्याचा भोंगा वाजून गेला.

"एप्रिलमध्ये," ते म्हणाले. "विमान बिघडलं होतं. तीन तास थांबा, म्हणाले. बाकावर बसून कंटाळा आला. म्हटलं, बघून यावं."

"तुम्ही ताईला भेटलात."

"दहा मिनिटं. मला ओळखलं तिने. म्हणजे, तेरूचा नवरा म्हणून ओळखलं. माझं नाव नाही आठवलं. मग माझ्या पाठीमागे बघत राहिली. दाराकडे. तेरू कुठेय म्हणाली. बूट काढतेय का, म्हणाली."

माझी नजर आमच्याच दाराकडे गेली.

"मग मी काय सांगणार? म्हटलं, ती पुढच्या महिन्यात येतेय."

पुढच्या महिन्यात. म्हणजे मे.

माझ्या कानात एकदम तसंच झालं जसं त्या वेळी विमानात झालं होतं. सगळे आवाज लांब गेले. आसन मांडून ठेवलंय, तेरू. खिडकीशी मांडलंय. ती भ्रमात बोलत नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि तिने ते नीट लक्षात ठेवलं होतं. स्वतःच्या मुलाचं नाव निसटलं, पण हे तिने घट्ट धरून ठेवलं. आणि मी दर रविवारी तिला "हो हो" म्हणत होते. जवळजवळ सात महिने. तीस रविवार.

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "वाटलं, आता पुरंच होतंय. डिसेंबरात मानाने नेऊ. दर वेळी उतरलो की वाटायचं, आज जाऊन यावं. पण मग काय तोंड दाखवणार? म्हणून वळायचो."

तिच्यापासून सात स्टेशनांवर, काचेच्या आत, माझ्या हातचा डबा खात.

आणि मी? मी तरी काय केलं? तपश्चर्या हा शब्द वाचला आणि हात जोडून बसले. विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडलं असतं. मी माझ्या व्रताला जपत होते, ते त्यांच्या. आणि ताई आमच्या दोघांच्या व्रतांपलीकडे आसन मांडून बसली होती. हे मनात आलं तेव्हा मी उठून देव्हाऱ्याचं दार लावलं. दिवसाढवळ्या कधी लावत नाही.

"मी उद्या जाते," मी म्हणाले.

"उद्या? अगं पण मंगळवार झाला की—"

त्यांनीच वाक्य सोडून दिलं. मग त्यांनी संगणक आणला, चष्मा लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. बराच वेळ एका बोटाने टकटक चालली होती. मध्येच स्वतःशी पुटपुटले, "नाहासाठी मैल... याहून वाईट भाव नाही." सवयीने म्हणाले बिचारे. लगेच मागे वळून बघितलं. मी तांदूळ धूत होते.

"झालं," ते म्हणाले. "सकाळी आठचं. पुढची सीट आहे. मैल गेले बरेच. दुसरं पण काढू का? मी येतो."

"तुमची एक फेरी राहिलीय."

"राहू दे की ती."

"नको. मंगळवारी करा. पण त्या दिवशी बाहेर या. सात स्टेशनं." मग मी म्हणाले, "तिला तुमचं नाव सांगून ठेवते."

संध्याकाळी मी आश्रमात फोन लावला. ताइरा चकित झाली. "आज गुरुवार ना? सगळं ठीक आहे ना, आजी?" मग तिने फोन ताईच्या कानाशी धरला.

श्वास ऐकू आला. शब्द नाही. मी थांबले. घाई केली नाही.

"कोण?" ताई म्हणाली.

"तेरू."

मग तक्रारीच्या सुरात, अगदी सोळा वर्षांच्या मुलीसारखी, ती म्हणाली, "तो माणूस पुढच्या महिन्यात म्हणाला होता. हा कितवा महिना?"

आवाज स्थिर ठेवणं मला जमतं, तेवढं एक येतं.

"हाच पुढचा महिना, ताई," मी म्हणाले. "आसन तसंच राहू दे."

सकाळी नेहमीपेक्षा आधी उठले. देव्हाऱ्याचं दार उघडलं, पाणी बदललं, थोरांना चहा दाखवला. सूत्राची एक प्रत उतरवली. तीत एक अक्षर चुकलं, तसंच ठेवलं. माहेरच्या मळ्यातून भावजय दर वर्षी पाठवते तो चहाचा डबा फडक्यात बांधला. लहान किटली आणि दोन पेले वेगळ्या फडक्यात. पाणी तिथलं घेईन.

हे आधीच उठून दाराशी बसले होते. माझे बूट त्यांनी बाहेरच्या दिशेने वळवून ठेवले होते. हे काम चाळीस वर्षं मी त्यांच्यासाठी केलं. हातात एक गोळी होती, खडीसाखरेसारखी. "विमान वर जाताना चोखायची," म्हणाले. "गिळत राहायचं. कान नाही दुखत. चोवीस वेळा करून बघितलंय."

गोळी मी कमरेच्या पट्ट्यात खोवली. किटलीचं गाठोडं उजव्या हातात घेतलं, चहाचं डाव्या. वाकून त्यांना येते म्हटलं आणि स्टेशनच्या रस्त्याला लागले.